‘लुप्त हप्त्या’चा वाद

अमेरिकेतील आयुर्विम्याच्या व्यवहारात १९८० नंतरच्या दशकात एक शब्दप्रयोग रूढ झाला : ‘लुप्त होणारा हप्ता’. काही वर्षे हप्ते भरले की पुढील हप्ते लाभांशातून परस्पर भागतील, असा त्याचा आशय. वैयाकरणांच्या परिभाषेत लोप म्हणजे नाश नव्हे, केवळ अदर्शन. लुप्त प्रत्ययाचे कार्य चालूच राहते. येथेही हप्ता संपत नव्हता, तो कोठून भागवावयाचा एवढेच बदलत होते. विक्रेत्यांच्या तोंडी हा भेद उरला नाही, असे वादींचे म्हणणे. सारी आकडेमोड त्या काळच्या चढ्या व्याजदरांवर बेतलेली होती. दर उतरले, लाभांश घटला, आणि हप्त्यांची मागणी पुन्हा दाराशी आली.

प्रुडेन्शियल कंपनीविरुद्धच्या सामूहिक दाव्यात १९८२ ते १९९५ या काळातील ८० लाखांहून अधिक विमेदार येत होते. जुन्या विमापत्राचे संचित मूल्य खर्ची घालून नवे विकणे, विम्याला गुंतवणूक म्हणणे, हेही आरोप होतेच. परंतु घरोघरी वेगवेगळ्या व्यक्तींशी झालेले बोलणे एकाच दाव्याचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. एकसारखे प्रशिक्षण व विक्रीसाहित्य यांतून कंपनीभर एकच योजना राबविल्याचा आरोप १९९८ साली तिसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने त्यासाठी पुरेसा समान धागा मानला. बोलणारे सहस्रावधी, पण पाठ एकच, असा याचा अर्थ. तडजोड कायम झाली. वकिलांच्या मेहनतान्याचा प्रश्न तेवढा न्यायालयाने फेरविचारार्थ परत पाठविला.