शॅल, विल आणि 'पाहिजे'

'आय' आणि 'वी'ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. निश्चय दाखवायचा असेल तर बरोब्बर उलट. हा नियम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत घोकलाय. का, ते मात्र कुणी सांगत नाही.

जुन्या इंग्रजीत या दोघांचं खरं काम भविष्यकाळ दाखवणं हे नव्हतंच. 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणं लागणं'. कर्ज या अर्थाचा जर्मन शब्द 'शुल्ड' त्याच कुळातला. 'विल' म्हणजे इच्छा असणं. मृत्युपत्राला आपण 'विल' म्हणतो, ते याच घराण्यातलं. थोडक्यात, एक शब्द बंधनाचा आणि दुसरा मर्जीचा. पुढे दोघंही झिजत झिजत भविष्यकाळात येऊन पोचले.

शाळेतला तो नियम पद्धतशीर मांडला जॉन वॉलिसने, १६५३ साली, लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात. हा वॉलिस म्हणजे ऑक्सफर्डचा गणिताचा प्राध्यापक. अनंताचं आडव्या आठसारखं चिन्ह वापरात आणलं तेही त्यानेच! स्कॉटलंड-आयर्लंडमधल्या लोकांनी हा नियम कधी फारसा मनावर घेतला नाही. त्यावरून इंग्रज त्यांची टिंगल करत, ती गोष्ट वेगळी.

बोलण्यात चुकलं तर फार तर हसं होईल. कायद्यात तसं नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२० मध्ये म्हटलंय की सरकारी नोकरांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल. शब्द 'शॅल'. मग सल्ला नीट घेतलाच नाही तर कारवाई रद्द? उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. इथला 'शॅल' मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न, आणि तो येऊन अडला एका क्रियापदावर!

असे वाद इतर देशांतही होत आले. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत 'शॅल'ऐवजी 'मस्ट' आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिले, तेव्हा तिथूनही 'शॅल'ला रजा मिळाली.

आमच्या धंद्याने वेगळी वाट धरली. इंटरनेटची मानकं लिहिताना कुठला शब्द किती सक्तीचा, हे १९९७ च्या 'आरएफसी २११९' ने ठरवून टाकलं. 'मस्ट' आणि 'शॅल' एकाच अर्थाचे, म्हणजे पूर्ण सक्ती. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तरच सूट. 'मे' म्हणजे तुमची मर्जी. 'विल' त्या यादीतच नाही. तरी लोक गोंधळलेच! शेवटी २०१७ मध्ये 'आरएफसी ८१७४' ने सांगितलं, की हे शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तेव्हाच त्यांना हा खास अर्थ.

इंग्रजीला हसण्याआधी आपलं 'पाहिजे' बघा. "मला चहा पाहिजे" मध्ये इच्छा, "मला गेलं पाहिजे" मध्ये बंधन. शॅल आणि विल एकाच शब्दात! बोलताना आपलं कधी अडत नाही, कारण समोरचा माणूस आणि त्याचा सूर दिसत असतो. करारात सूर नसतो. तेव्हा पुढच्या वेळी क्लायंटच्या कागदात "द सिस्टिम विल..." दिसलं, तर सही व्हायच्या आत विचारून घ्या: हे वचन आहे, की नुसता अंदाज?