बावीस अक्षरांचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचेच स्मरण आपणांस होते. परंतु आपल्या पेशींत वावरणाऱ्या, अवघ्या बावीस-एक अक्षरांच्या रेणूलाही इतिहास आहे. करोनाच्या साथीत तो इतिहास अशा ठिकाणी येऊन पोचला की, अनुमान कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो, हा जुनाच प्रश्न आपल्यापुढे पुन्हा उभा राहिला.

जनुकातील मजकूर आरएनए या निरोप्याकरवी पेशीच्या केंद्रकाबाहेर येतो व त्याबरहुकूम प्रथिन घडते, एवढे आपण जाणतो. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या जंतावरील आपापले संशोधन प्रसिद्ध केले. या जंताचे एक जनुक प्रथिन घडवीतच नव्हते. त्यापासून निघे तो केवळ आखूड आरएनए. तो दुसऱ्या एका निरोप्याच्या शेपटाशी अक्षरे जुळवून चिकटे आणि ते प्रथिन घडणे थांबे. हुकूम सुटलेला, पण अंमलबजावणी रोखलेली! ही त्या जंताचीच तऱ्हा असावी, असे समजून शास्त्रजगताने फारसे लक्ष दिले नाही. पुढे २००० साली रव्हकन यांच्या प्रयोगशाळेला सापडलेला असाच दुसरा रेणू मनुष्यातही आढळला, तेव्हा मात्र डोळे उघडले. या मायक्रोआरएनएच्या शोधाबद्दल दोघांस २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूंशी या रेणूंचा संबंध लवकरच दिसून आला. एपस्टाइन-बार हा विषाणू स्वतःचे मायक्रोआरएनए बनवितो, हे २००४ साली कळले. २००५ साली तर नवलच उघडकीस आले. यकृतातील एका मायक्रोआरएनएला हेपॅटायटिस-सी हा विषाणू आपल्याच वाढीसाठी राबवितो! घरच्या पहारेकऱ्याला चोराने कामाला लावावे, तसा हा प्रकार.

म्हणून २०२० साली करोनाने जग घेरताच संशोधकांच्या आशा पल्लवित झाल्या, यात नवल नाही. विषाणूचा सारा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा आणि तोही आरएनएचाच. मनुष्याचे कोणते मायक्रोआरएनए त्याला चिकटू शकतील, याच्या याद्या संगणकाने भराभर काढून दिल्या. परंतु थोडा हिशेब करू. चिकटण्यासाठी मुख्यतः सातेक अक्षरांची जुळणी लागते. चार अक्षरांपासून सात-अक्षरी शब्द होतात १६,३८४. तेव्हा तीस हजार अक्षरांत असा कोणताही शब्द सरासरीने एक-दोनदा योगायोगानेच सापडणार. जुळणी म्हणजे कार्य नव्हे.

२०२१ साली येल विद्यापीठातील पॉलिना पाव्लिका, जोन स्टाइट्झ आणि सहकाऱ्यांनी मोजणीच केली. फुप्फुसापासून वाढविलेल्या तीन प्रकारच्या पेशींत आणि रुग्णांच्या नाक-घशातील नमुन्यांत त्यांनी मनुष्याचे मायक्रोआरएनए तपासले. लागण झाल्यावर त्यांच्या प्रमाणात मोठा आणि सर्वत्र सारखा दिसणारा फरक आढळला नाही. आढळले ते निराळेच: विषाणूच्याच मजकुरातून निघालेला एक मायक्रोआरएनएसारखा तुकडा. प्राण्यांत अशा तुकड्याची पहिली कापणी बहुधा केंद्रकात, ड्रोशा नामक प्रथिनाकडून होते. करोना तर केंद्रकाबाहेरच वाढतो. तरीही पेशीचीच यंत्रणा वापरून, पण ड्रोशाविना, हा तुकडा तयार होतो. शरीराच्या संरक्षणाशी संबंधित एका जनुकावर त्याचा रोख असावा, असे संशोधकांनी सुचविले. आणि तेही 'संभाव्य' म्हणूनच.

आमच्या मते या इतिहासाचे सार त्या एका शब्दात आहे. साथीच्या काळात भयभीत माणसाला उत्तर तत्काळ हवे असते आणि यादीलाच तो औषध समजू लागतो. संशोधकाने अशा वेळी 'संभाव्य' म्हणण्याचे धैर्य दाखवावे आणि आपण नागरिकांनी ते दुबळेपण न मानता प्रामाणिकपणा मानावा. पुढील संकटात आपला बचाव ज्ञानावर जितका अवलंबून राहील, तितकाच या सवयीवरही राहील.