साष्टीतील ख्रिस्ती समाज आणि इतरांसाठीची प्रार्थना

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान असलेले नाहूर हे जुन्या साष्टी बेटाच्या पूर्व भागात येते. या बेटावर 1534 पासून 1737 पर्यंत, म्हणजे मराठ्यांनी साष्टी घेईपर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता आणि पुढे ‘ईस्ट इंडियन’ म्हणवला गेलेला मराठीभाषक कॅथलिक समाज याच काळात येथे रुजला. चहूबाजूंनी हिंदू वस्ती असलेल्या या समाजापुढे, ख्रिस्तावर विश्वास नसलेल्या शेजाऱ्यासाठी देवाजवळ काय मागावे, हा प्रश्न रोजच्या व्यवहारातलाच होता.

सर्व माणसांसाठी प्रार्थना करावी, ही शिकवण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. रोमन परंपरेत तिला सर्वांत ठळक रूप मिळाले ते उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणदिनाच्या, उपासनेत. या विधीत मध्यस्थीच्या प्रार्थना, म्हणजे इतरांच्या वतीने देवाकडे केलेल्या विनवण्या, एका ठरलेल्या क्रमाने होतात: कोणासाठी प्रार्थना करायची ते प्रथम सांगितले जाते, मग भाविक गुडघे टेकून काही क्षण निःशब्द राहतात आणि ते उठल्यावर धर्मगुरू सर्वांची विनवणी एका प्रार्थनेत गुंफतो. 1570 च्या मिस्सा ग्रंथात, म्हणजे उपासनेच्या अधिकृत पुस्तकात, अख्रिस्ती लोकांसाठी केलेली विनवणी अशी होती की, देवाने त्यांच्या अंतःकरणातील अधर्म दूर करावा आणि त्यांनी मूर्ती सोडून त्याच्याकडे वळावे.

या विनवणीमागची दृष्टी सत्तेशी जोडली गेली तेव्हा काय घडले, हे 1567 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेतून दिसते. कोणालाही बळाने ख्रिस्ती करू नये असे या परिषदेने ठरवले खरे, परंतु देवळे मोडावीत अशी मागणीही तिनेच राजसत्तेकडे केली. ज्याच्यासाठी देवाकडे रदबदली करायची, त्याचेच श्रद्धास्थान पाडायचे, ही विसंगती त्या प्रार्थनेची विश्वासार्हता हिरावून घेणारी होती.

राजसत्तेचे पाठबळ नसतानाही हा प्रश्न किती नाजूक राहतो, हे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दिसून आले. बालविधवांच्या शिक्षणासाठी 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवलेली ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपले आचार पाळता येतील, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून वाद पेटला, 1893 मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. रमाबाईंना दार लावून घेणे म्हणजे स्वतःची श्रद्धा लपवणे वाटत होते, तर आश्रयाला आलेल्या मुलींवर आश्रयदात्रीच्या प्रार्थनेचाही भार पडतो, असे टीकाकारांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि म्हणूनच प्रार्थना करणाऱ्याने आपल्या हाती असलेल्या अधिकाराचे भान ठेवणे किती आवश्यक आहे, हे या वादाने दाखवून दिले.

या प्रश्नाला नवे वळण मुंबईतच मिळाले. डिसेंबर 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय युकरिस्ट परिषदेसाठी, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या सन्मानार्थ भरलेल्या कॅथलिक मेळाव्यासाठी, आलेल्या पोप पॉल सहावे यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना बृहदारण्यक उपनिषदातील, असत्याकडून सत्याकडे नेण्याची याचना करणारी प्रार्थना उद्धृत केली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले.

1970 च्या नव्या मिस्सा ग्रंथात उत्तम शुक्रवारची प्रार्थना बदलली. ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांना प्रामाणिक अंतःकरणाने चालताना सत्य गवसावे, अशी विनवणी आता केली जाते, आणि तिला जोडूनच प्रार्थना करणाऱ्यांनी परस्परप्रेमात वाढावे व देवाच्या प्रेमाचे अधिक खरे साक्षीदार व्हावे, असे मागितले जाते. देवच न मानणाऱ्यांसाठी वेगळी विनवणी आहे. ख्रिस्ताकडे वळण्याची आशा येथे सोडलेली नाही. मात्र त्या आशेची पूर्तता देवावर सोपवून भाविकाने स्वतःकडे पाहावे, ही अपेक्षा या प्रार्थनेत आली आहे. साष्टीचा इतिहास पाहता हाच मार्ग योग्य ठरतो, कारण शेजाऱ्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणारी आणि करणाऱ्यालाच आधी बदलू पाहणारी प्रार्थना त्या शेजाऱ्यालाही निर्धास्तपणे ऐकता येते.