सायकलची सीट किती उंच हवी? टेप आणि मोबाइलने असं मोजा

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 361 वर लांब राइड करायची असेल, तर महागड्या गिअरच्या आधी सीटची उंची तपासा. मिनिटाला 70 वेळा पॅडल फिरवलं, तर एका तासात प्रत्येक गुडघा 4,200 वेळा वाकतो. उंची चुकली की दुखणं मागे लागतं.

1. माप घ्या: अनवाणी, भिंतीला टेकून उभे राहा. जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये अगदी वर घट्ट धरा. त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर 0.883 ने गुणा. 80 सेंमी असेल तर उत्तर 70.6 सेंमी. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत एवढं अंतर ठेवा. हे सूत्र तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखलं जातं.

2. व्हिडिओ काढा: सूत्र म्हणजे फक्त सुरुवात, बुटाच्या सोलनेही फरक पडतो. मित्राला बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकलेला दिसायला हवा.

3. लक्षणं ओळखा: गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर वर आहे. एका वेळी 5 मिमीच बदला आणि दोन-तीन राइड करून बघा.

सीटपोस्टवरची शेवटची खूण कधीही बाहेर दिसू देऊ नका. दांडा मोडू शकतो. एवढं करूनही दुखणं राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा.