पुरोहिताचा रकाना

भाचीच्या लग्नाची नोंद करायला गेलो होतो. लग्न सत्यशोधक पद्धतीने झालेले, मंगलाष्टके मी म्हटलेली. अर्जात पुरोहिताच्या सहीचा रकाना होता. कारकुनाने विचारले, ‘भटजी कोण?’ ‘मीच,’ म्हणालो. त्याने एकदा वर पाहिले आणि पेन पुढे केले. सही केली खरी, पण हा अधिकार मला दिला कोणी, हे शोधायला त्याच आठवड्यात बसलो.

कायद्याने तो कोणालाच दिलेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम वधू किंवा वर यांच्याकडच्या रूढ विधींची अट घालते. पुरोहिताचा त्यात उल्लेखही नाही.

मग पूर्वी एवढे रण कशासाठी माजले? २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने ब्राह्मण पुरोहितावाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे ओतूरसारख्या गावांतले तंटे कोर्टात गेले. बाहेर ओरड धर्म बुडाल्याची. दिवाणी कोर्टात मात्र प्रश्न वतनाचा. ग्रामजोशीपण हे पाटीलकी-कुलकर्णासारखेच वंशपरंपरेचे उत्पन्न. यजमानाने लग्न दुसऱ्याकडून लावून घेतले तरी गावच्या जोशाचा दक्षिणेचा हक्क बुडत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकात मान्य केले होते. म्हणजे लग्न जोशावाचून लागे, दक्षिणा मात्र चुकत नसे! न बोलावलेल्या जोशाची ही वसुली मुंबई इलाख्याच्या १९२६ च्या कायद्याने थांबवली. फुले जाऊन तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती.

इथवर मी खुशीत होतो. मग भाऊराव लोखंडे खटल्याचा १९६५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. पहिली बायको असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप. दुसरे लग्न ‘गांधर्व’ पद्धतीचे : हार घातले, कपाळाला कपाळ लावले, पण होम नाही, सप्तपदी नाही. ब्राह्मणावाचूनची ही रीत पाच-सात वर्षांचीच, तिला रूढी म्हणता येणार नाही, म्हणून ते लग्नच नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. आरोपी सुटला. पहिल्या बायकोच्या हाती काय उरले, याचा विचार करत मी बराच वेळ ते पान उलटले नाही.

मद्रास राज्याने १९६७ मध्ये दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या लग्नांना थेट मान्यता दिली. आपल्याकडे वाद झालाच, तर रूढी जुनी आहे हे दाखवावे लागते. त्यामुळे १८७३ ही तारीख माझ्यासाठी आता नुसता इतिहास नाही, पुरावा आहे. भाचीला लग्नपत्रिका आणि फोटो जपून ठेवायला सांगितले; विधीचा कागद, माझ्या सहीनिशी, तिच्या फाइलीत लावून दिला.