वाट पाहणारा कॅमेरा : 'द किलर्स' आणि एक विद्यार्थी-चित्रपट

हेमिंग्वेच्या कथनशैलीविषयी लिहिताना समीक्षक एका रूपकाचा आश्रय हमखास घेतात, ते म्हणजे कॅमेऱ्याचे. निवेदक पात्रांच्या मनात शिरत नाही, जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच नोंदवतो, म्हणून तो कॅमेऱ्यासारखा. झेरार जनेतने १९७२ मध्ये बाह्य केंद्रीकरणाची संकल्पना मांडताना ज्या कथांकडे बोट दाखवले, त्यांत 'द किलर्स' (१९२७) ही एक होती. हे रूपक वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रत्यक्ष कॅमेरा कधी हाताळावा लागला नाही, आणि कदाचित म्हणूनच ते इतकी वर्षे निर्वेध टिकून राहिले असावे. १९५६ मध्ये मॉस्कोच्या राज्य चित्रपट संस्थेतील तीन विद्यार्थ्यांना मात्र तो हाताळावा लागला. त्यांच्या एकोणीस मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटात या रूपकाची जी परीक्षा झाली, तिचा विचार साहित्याच्या अभ्यासकानेही करावयास हवा.

हे तिघे म्हणजे आंद्रेई तारकोव्हस्की, अलेक्सांद्र गॉर्डन आणि मारिका बेकू. तिघेही मिखाईल रोम यांच्या वर्गातले. हेमिंग्वेची कथा घ्यावी ही कल्पना तारकोव्हस्कीची. संस्थेत साधनांची चणचण होती, त्यामुळे दोघातिघांनी मिळून एक चित्रपट करावयाचा असा रिवाज होता. मॉस्कोत ही चणचण काही नवी नव्हती. क्रांतीनंतरच्या टंचाईत कुलेशोवच्या शिष्यांनी कच्च्या फिल्मवाचून 'चित्रपट' बसवले होते, आणि शॉटचा अर्थ शेजारच्या शॉटमुळे ठरतो हा त्याचा सिद्धान्त त्याच काळात आकाराला आला. १९५६ च्या विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न मात्र निराळा होता. एका खानावळीत फारसे काही घडत नाही. दोन माणसे एका तिसऱ्याला मारण्यासाठी त्याची वाट पाहतात, आणि तो येत नाही. या न घडण्यातला ताण चित्रित कसा करावयाचा?

येथे मूळ कथेकडे वळावे लागते, कारण तिच्यात दृष्टीची साधने आधीच विखुरलेली आहेत. काउंटरमागे लांब आरसा आहे, आणि मॅक्स जॉर्जशी बोलताना त्याच्याकडे न पाहता त्या आरशात पाहतो. स्वयंपाकघर आणि काउंटर यांच्यामध्ये एक लहान खिडकी आहे. अ‍ॅल ती केचपच्या बाटलीने उघडी ठेवतो आणि बाहेरच्या दोघांनी नेमके कोठे थांबावे हे सांगतो. निवेदक त्या क्षणी त्याला सामूहिक छायाचित्रासाठी माणसे उभी करणाऱ्या छायाचित्रकाराची उपमा देतो. म्हणजे कथेत 'कॅमेरा' आहे, पण तो निवेदकापाशी नाही, मारेकऱ्यापाशी आहे! पुढे याच खिडकीतून जॉर्ज आत पाहतो तेव्हा त्याला आखूड नळीची बंदूक दिसते आणि तोंडात बोळे कोंबून बांधलेले निक व स्वयंपाकी दिसतात. हे दृश्य कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे याबद्दल संदेह नाही. जनेतचे उदाहरण वाटते तितके निर्भेळ नाही, ते असे. गद्यातला निवेदक कोठेही उभा न राहता पाहू शकतो. कॅमेऱ्याला उभे राहावयास जागा लागते, आणि जागा निवडली की बाजूही निवडली जाते. खालून घेतलेला शॉट म्हणजे दहशत आणि क्लोज-अप म्हणजे भीती असा शब्दकोश विद्यार्थ्यांच्या हाती देणारी पाठ्यपुस्तके नेमका हाच प्रश्न टाळतात.

दुसरा प्रश्न काळाचा. कथेतले भिंतीवरचे घड्याळ वीस मिनिटे पुढे आहे, त्यामुळे सहा वाजता येणाऱ्या ओलेची वाट किती पाहावयाची याचा हिशेबच डळमळीत होतो. मधल्या काळात येऊन गेलेली गिऱ्हाइके हेमिंग्वे मोजक्या वाक्यांत उरकतो. विद्यार्थ्यांनी हा सारांश नाकारला. तीन गिऱ्हाइके येतात, आचारी नाही अशी सबब सांगून जॉर्ज त्यांना वाटेला लावतो, आणि प्रत्येक वेळी ते दार पुन्हा बंद होईपर्यंतचा वेळ प्रेक्षकाला सोसावा लागतो. यांपैकी एक गिऱ्हाईक खुद्द तारकोव्हस्की आहे. तो 'ललबाय ऑफ बर्डलँड'ची धून शिळेवर वाजवतो. ती १९५२ ची, म्हणजे कथेहून पंचवीस वर्षांनी धाकटी. पण हा कालविपर्यास कोणाला खटकू नये, कारण शीळ घालणाऱ्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ताण तेथेच आहे. हिचकॉकने त्रुफोला सांगितलेले टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण याच जातीचे. तारकोव्हस्कीने लांबलचक विराम ठेवले, छायाचित्रकार आल्वारेझ आणि रीबिन यांना प्रकाशयोजनेसाठी भरपूर वेळ दिला, असे गॉर्डनने नमूद केले आहे. शॉटच्या आत वाहणारा काळ हेच चित्रपटाचे द्रव्य, हा त्याचा पुढचा सिद्धान्त आणि त्यातला कुलेशोव-परंपरेशी असलेला विरोध या अभ्यासात बीजरूपाने पाहावयास मिळतो. मात्र हे श्रेय त्याच्या एकट्याच्या पदरात टाकण्याची रूढी मला मान्य नाही. खानावळीच्या दृश्यांत बेकूचा वाटा आहे, आणि ओलेच्या खोलीचा प्रसंग गॉर्डनने दिग्दर्शित केला आहे.

तो प्रसंग मला सर्वांत अस्वस्थ करतो. निक धोक्याची सूचना द्यायला येतो. वासिली शुक्शिनने उभा केलेला ओले उठत नाही, पळत नाही. रॉबर्ट सिओदमाकच्या १९४६ च्या हॉलिवुडी चित्रपटात मारेकरी या खोलीपर्यंत पोहोचतात, गोळ्या झाडतात, आणि नंतरचा सारा चित्रपट 'का' या प्रश्नाचा पूर्ववृत्तांच्या आधारे छडा लावतो. मॉस्कोच्या विद्यार्थ्यांनी हे 'का' हेमिंग्वेप्रमाणेच अनुत्तरित ठेवले. केवळ मूळ संहितेवरील निष्ठा हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण वाटत नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या राजवटीतील अत्याचारांविषयी भाषण केले. दाराबाहेर पावले केव्हा वाजतील याची वाट पाहत खोलीत बसून राहिलेली माणसे १९३७ च्या मॉस्कोला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. विद्यार्थ्यांनी असा संकेत जाणीवपूर्वक योजला, असे माझे म्हणणे नाही. परंतु अमेरिकेतल्या एका गावातला मुष्टियोद्धा तेथील प्रेक्षकाला परका वाटला नसावा, एवढे अनुमान करता येते.

निक खानावळीत परततो आणि ओले काय म्हणाला ते जॉर्जला सांगतो. मारेकरी केव्हाच निघून गेलेले असतात. काउंटर तेच, दार तेच. आता त्या दाराकडे प्रेक्षक निराळ्या नजरेने पाहतो.