कामशास्त्र सोसायटी

कामशास्त्र सोसायटी ही पौर्वात्य कामशास्त्रीय ग्रंथांची इंग्लिश भाषांतरे खाजगीरीत्या प्रसिद्ध करण्यासाठी रिचर्ड बर्टन (१८२१–१८९०) व फॉर्स्टर फिट्झजेराल्ड आर्बथनॉट (१८३३–१९०१) यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेली नाममात्र संस्था होती. आर्बथनॉट यांचा जन्म बेळगाव येथे झाला. ते मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होते व मुंबईचे कलेक्टर म्हणून १८७८ मध्ये निवृत्त झाले.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात लंडनमधील हॉलिवेल स्ट्रीट शृंगारिक पुस्तकांच्या चोरट्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध होता. १८५७ च्या कायद्याने अश्लील पुस्तके जप्त करून नष्ट करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना मिळाला. १८६८ च्या हिकलिन प्रकरणात वाचकाचे मन भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती ही अश्लीलतेची कसोटी ठरली. लेखकाचा किंवा प्रकाशकाचा हेतू गौण मानला गेला. याच वर्षी या व्यवसायातील प्रमुख प्रकाशक विल्यम डगडेल तुरुंगात मरण पावला. कारवाई टाळण्यासाठी प्रकाशक टोपणनावे व खोटी प्रकाशनस्थळे वापरीत.

बर्टन व आर्बथनॉट यांनी १८७३ मध्ये कल्याणमल्लाच्या ‘अनंगरंग’ या संस्कृत ग्रंथाचे भाषांतर छापावयास दिले. भाषांतरकारांची आद्याक्षरे मुद्दाम उलट्या क्रमाने दिली होती. तरीही मुद्रकाने भीतीपोटी मोजक्याच प्रती काढून काम थांबविले.

प्रकाशने

सोसायटीने वात्स्यायनाचे ‘कामसूत्र’ १८८३ मध्ये, तर ‘अनंगरंग’ १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. ‘द परफ्यूम्ड गार्डन’ (१८८६) हे मूळ अरबी ग्रंथाचे रूपांतर त्यानंतर निघाले. बर्टनकृत ‘अरेबियन नाइट्स’चे दहा खंड १८८५ पासून वर्गणीदारांसाठी छापण्यात आले. पुस्तकांवर बनारसचा उल्लेख व ‘केवळ खाजगी वितरणासाठी’ अशी सूचना असे. छपाई मात्र इंग्लंडमध्येच होई.

भारतीय पंडितांचा वाटा

‘कामसूत्रा’चे भाषांतर बर्टनच्या नावाने प्रसिद्धी पावले असले, तरी त्यातील मुख्य परिश्रम पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८), शिवराम परशुराम भिडे व आर्बथनॉट यांचे होते. बर्टनने प्रामुख्याने इंग्लिश भाषेवर संस्कार केले. भगवानलाल हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहकारी असून १८८२ मध्ये त्यांनी सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले होते. मुंबईतील हस्तलिखित अपूर्ण असल्याने बनारस, कलकत्ता व जयपूर येथून प्रती मागविण्यात आल्या. चार प्रती ताडून आणि ‘जयमंगला’ टीकेच्या साहाय्याने पाठ निश्चित करण्यात आला. पाठ तपासणाऱ्या पंडिताचे निवेदन ग्रंथात छापले आहे, परंतु त्याचे नाव दिलेले नाही. कायद्याच्या भयाने इंग्रज भाषांतरकारांनीही आपली नावे झाकली होती. पुढे त्यांची नावे सर्वज्ञात झाली, पंडितांची मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिली.

उत्तरकाळ

बर्टनच्या मृत्यूनंतर सोसायटीचे कार्य संपुष्टात आले. ‘द परफ्यूम्ड गार्डन’च्या त्याने सिद्ध केलेल्या नव्या भाषांतराचे हस्तलिखित त्याची पत्नी इझाबेल हिने जाळून टाकले. पंडित दुर्गाप्रसाद यांनी संपादिलेले मूळ संस्कृत ‘कामसूत्र’ १८९१ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. इंग्लंडमध्ये १९५९ च्या नव्या कायद्याने साहित्यिक व विद्याविषयक मूल्याचा बचाव मान्य केला. त्यानंतर, १९६० च्या दशकाच्या आरंभी, हे भाषांतर तेथे उघडपणे विक्रीस आले.